घाणेरीचे विष आणि ई-क्लासची लूट

चैत्र सरत आला की रिसोड तालुक्यातील गुराख्यापुढे रोज सकाळी एकच प्रश्न उभा राहतो : आज ढोरे न्यायची कोठे? पैनगंगेच्या खोऱ्यातील वावरे उघडी पडलेली असतात, धुऱ्यावरचे गवत करपलेले असते, नाल्यांना पाण्याचा टिपूस नसतो. रिसोडहून केनवडकडे निघावे वा वाकदकडे, पडीत जमिनीच्या कडेला आणि नाल्याच्या काठी हिरवे असे जे काही दृष्टीस पडते, त्यात घाणेरीचा वाटा मोठा असतो. कोणी तिला टणटणी म्हणतात, कोणी रायमुनिया. तांबड्या-पिवळ्या फुलांचे गोजिरे गुच्छ, खरखरीत पाने, उग्र वास आणि काळी, मण्यांसारखी फळे. पोटभर चारा मिळालेले जनावर या झुडपाकडे ढुंकूनही पाहत नाही. भुकेलेले जनावर मात्र त्याला तोंड लावते. मग त्याचे रवंथ थांबते, डोळे पिवळे पडतात, ते उन्हाला भिऊन सावली शोधू लागते. आणि काही दिवसांत एखाद्या शेतमजुराच्या कोठ्यातील एकुलती एक गाय वा दोन बकऱ्या नाहीशा होतात.

असे घडले की गावात आणि कचेरीत निकाल ठरलेला असतो : गुराख्याचे लक्ष नव्हते. जनावरांना विषारी वनस्पती खाऊ देऊ नयेत, असे सांगणारी पत्रके निघतात, चरण्यास सोडताना काळजी घ्यावी असा उपदेश केला जातो, आणि प्रकरण मिटते. हा निकाल अन्यायाचा आहे आणि अडाणीपणाचाही आहे. ज्याच्या पायाखालची चराऊ जमीन गेली, ज्याच्या वावरातून कडबा गेला, त्यालाच ‘तू तुझ्या जनावराला काय खाऊ दिलेस?’ असे दरडावून विचारणे म्हणजे चोरी झालेल्या घरच्या माणसाला कुलूप का लावले नाहीस म्हणून शिक्षा करणे होय. घाणेरीत विष आहे, यात शंका नाही. पण ते विष जनावराच्या पोटात कोणी ढकलले, हा प्रश्न पत्रकात नसतो. तो विचारणे हे चळवळीचे काम आहे.

विषाचे काम

प्रथम विषाबद्दल. चळवळीतील कार्यकर्त्याला जमिनीचे कायदे माहीत असतात. त्याला जनावराचे दुखणेही ओळखता आले पाहिजे. घाणेरीच्या पानांत लँटाडीन या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये असतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या सर्व जनावरांना ती बाधतात. ती यकृतावर घाव घालतात आणि पित्ताचा प्रवाह अडवतात. त्यामुळे कावीळ होते. चाऱ्यातील हरितद्रव्य पोटात विघटित झाल्यावर जो अंश उरतो, तो एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. पित्त तुंबले की तो रक्तात साठतो आणि कातडीपर्यंत पोहोचतो. अशी कातडी उन्हात अक्षरशः भाजते. नाकपुडी, कान आणि अंगावरचे पांढरे पट्टे सुजतात, तडकतात, सोलवटून निघतात. ज्या जनावराला दिवसभर उघड्या रानात फिरूनच पोट भरावे लागते, त्याला ऊनच वैरी व्हावे, असे हे दुखणे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या विषाने पोटाची हालचाल मंदावते आणि मळ घट्ट होतो. खाल्लेला पाला पोटातच पडून राहतो आणि त्यातून विष रक्तात झिरपत राहते. म्हणून जनावराला घाणेरीपासून दूर नेले म्हणजे संकट टळले, हा समज घातक आहे. ते तत्काळ दाट सावलीत बांधले पाहिजे, पाणी हाताशी ठेवले पाहिजे, आणि झाडपाल्याच्या औषधांत दिवस न घालवता पशुवैद्यकाला बोलावले पाहिजे. विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा वेळेवर आणि पुरेशा मात्रेत पोटात गेला, सलाइन मिळाले, तर पुष्कळ जनावरे वाचू शकतात. परंतु पशुवैद्यक यावा कोठून? औषध मिळावे कोठून? अकोल्यास पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे, नागपुरास पशुविज्ञानाचे विद्यापीठ आहे, खुद्द रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्ञानाची वाण नाही. ते ज्ञान शेतमजुराच्या कोठ्यापर्यंत वेळेत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र ठरायचे आहे.

बागेतून रानात

घाणेरी या मातीतली नव्हे. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आले, असे अभ्यासक सांगतात. साहेबांच्या बंगल्यांभोवती कुंपण म्हणून ते लावले गेले. फुले सुंदर, निगा राखण्याची गरज नाही आणि गुरे तोंड लावत नाहीत, हे त्याचे गुण मानले गेले. पुढे बुलबुलांनी आणि साळुंक्यांनी त्याची फळे खाल्ली आणि बी देशभर पेरले. १९२१ साली हवाई बेटांतून त्याचे बी पोखरणारी माशी आणून बंगळूरला सोडण्यात आली. घाणेरीवर तिचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेतील अभ्यासकांनी जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार देशातील सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर वनक्षेत्र घाणेरीने व्यापले आहे. हे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ निम्मे झाले.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. परके म्हणून घाणेरी वाईट, असा कांगावा करण्याचे कारण नाही. मिरचीही अमेरिकेतूनच आली आणि वऱ्हाडी जेवणाचा प्राण झाली. सोयाबीन चीनकडचे, आज रिसोडचे शेतकरी त्याच्या भावाकडे डोळे लावून बसतात. वनस्पतीला जात नसते आणि पारपत्रही नसते. प्रश्न एवढाच की कोणती वनस्पती कोणाच्या गरजेसाठी आणली गेली, आणि तिचा भार कोणावर पडला. घाणेरी सत्ताधाऱ्यांच्या बागेची शोभा वाढविण्यासाठी आली आणि तिची किंमत दोनशे वर्षांनंतर बकऱ्या राखणारी बाई मोजीत आहे. आजही रोपवाटिकांतून तिच्या रंगीबेरंगी जाती विकल्या जातात, बंगल्यांच्या कुंपणाला लावल्या जातात, आणि छाटलेला हिरवा पाला भिंतीपलीकडे, जेथे भटकी गुरे तोंड घालतात तेथे फेकला जातो. शोभा एकाच्या अंगणात आणि मरण दुसऱ्याच्या कोठ्यात, ही वाटणी बदललेली नाही.

तिच्या पसरण्याची वाट इंग्रजी राजवटीने मोकळी केली. १८५३ साली वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापूस पिकविणारा प्रांत म्हणून त्याची घडण सुरू झाली. चराऊ राने नांगराखाली गेली. जी उरली, त्यांतील बरीच जंगल कायद्याने सरकारी कुंपणाआड गेली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने गावोगावची गायराने गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरली नाही, हे गाऱ्हाणे मांडले आहे. जंगलखाते गेले नाही, आणि ते गाऱ्हाणेही गेलेले नाही. तुडवून, ओरबाडून उजाड झालेल्या जमिनीवर चांगले गवत टिकत नाही, घाणेरी टिकते. तिच्या दाट सावलीखाली दुसरे काही उगवत नाही, उलट रानडुकरांना लपायला आयती जागा मिळते आणि तीच डुकरे रात्री वावरात उतरतात. अशा रीतीने तेच झुडूप एकीकडे जनावर मारते आणि दुसरीकडे पीक.

चारा कोठे गेला?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. घाणेरीची विषबाधा बहुधा तीन प्रसंगी होते : चाराटंचाईत, छाटलेला पाला जनावरापुढे पडला तर, आणि जनावर नव्या मुलखात आणले गेले तर. तिन्ही प्रसंग माणसांच्या निर्णयांतून निर्माण होतात.

पहिला प्रसंग चाराटंचाईचा. एके काळी या भागात ज्वारी हे मुख्य पीक होते. ज्वारी माणसाला भाकर देत असे आणि जनावराला कडबा. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने ज्वारीला हुसकून लावले. शेतकऱ्याने हे हौसेने केले नाही. ज्वारीला भाव दिला गेला नाही, डुकरांनी आणि पाखरांनी उभे पीक खाल्ले, आणि तेलगिरण्यांच्या बाजाराने सोयाबीनची वाट दाखविली. कडबा गेला, त्याच्या जागी सोयाबीनचे कुटार आले. ते कडब्याची जागा भरून काढू शकत नाही. सरकी ढेप विकत घेणे मजुराला परवडत नाही. बागायतदाराकडे मक्याचा हिरवा चारा असतो. कोरडवाहू अल्पभूधारकाकडे आणि भूमिहीनाकडे उरते ती ई-क्लास.

आणि ई-क्लासची काय अवस्था आहे? विदर्भात गावोगावच्या सरकारी चराऊ जमिनीला लोक या नावाने ओळखतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांसाठी मोफत कुरण राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांबद्दल सर्व राज्यांना कडक निर्देश दिले; त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनानेही आदेश काढला. कागद उत्तम आहेत. जमिनीवर मात्र गिट्टीची खदान, मुरमाचे खड्डे, पुढाऱ्याच्या संस्थेची इमारत, आणि उरलेल्या भागात घाणेरीचे रान. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गायरानासह शासकीय जमिनी वीजप्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्या कुरणावर तारेचे कुंपण पडते, त्या कुरणावर चरणाऱ्या जनावरांनी कोठे जायचे, याचे उत्तर ग्रामसभेत मागितले गेले पाहिजे आणि दिले गेले पाहिजे.

येथे सावधगिरीही हवी. अतिक्रमण हटविण्याची हाक दिली की पहिला बुलडोझर दलित-भूमिहीनाच्या झोपडीवर चालतो, हा अनुभव आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्या लढ्यांच्या रेट्यातूनच १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील वहिती नियमित करण्याचे धोरण शासनाला १९९१ साली स्वीकारावे लागले. पोटासाठी दोन एकर कसणारा भूमिहीन आणि खदानीसाठी वीस एकर गिळणारा कंत्राटदार यांना एकाच मापाने मोजणारा न्याय हा न्याय नव्हे. गुराखी आणि गायरानधारक यांच्यात भांडण लावून तिसऱ्याने जमीन लाटावी, हा डाव कार्यकर्त्यांनी ओळखला पाहिजे.

गायीचा जयजयकार, बकरीची उपेक्षा

नव्या मुलखात आणलेल्या जनावराचा प्रसंगही विचार करण्याजोगा आहे. त्या रानात वाढलेली गाय घाणेरी ओळखते आणि टाळते; बाहेरून आणलेल्या गायीला ती ओळख नसते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यात वाशीम होता. दुभती जनावरे सवलतीने देण्याचा कार्यक्रम त्यात होता. गाय दिली, तिच्यासाठी कुरण दिले नाही, कडबा दिला नाही, पाणी दिले नाही. गायीला भूक लागते ही गोष्ट योजनेच्या कागदावर दुय्यम ठरली. पुढेही कितीतरी योजनांतून शेळ्यांचे गट वाटले गेले. वाटप करताना छायाचित्र निघते. जनावर मेल्यावर कोणी येत नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ ही पदवी बहाल केली, आणि गोशाळांतील देशी गायीसाठी रोज ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले. मातेला पदवी मिळाली, चरायला जागा मिळाली नाही. गोशाळेत नसलेल्या, शेतकऱ्याच्या कोठ्यात बांधलेल्या गायीला त्या ५० रुपयांतले काय मिळते? २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे; म्हातारा बैल विकता येत नाही आणि पोसताही येत नाही, म्हणून तो मोकळा सोडला जातो. ही मोकळी ढोरे उरलेसुरले गवत संपवितात आणि अखेर घाणेरीच्या जाळीपाशी येतात. धर्माच्या नावाने केलेल्या राजकारणाचा हिशेब असा शेवटी कुरणावर येऊन चुकता होतो.

पशुगणनेचे आकडे या सर्व गोष्टींची साक्ष देतात. २०१२ साली महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १५५ लाख होती. २०१९ च्या विसाव्या गणनेत ती सुमारे १४० लाखांवर आली. याच काळात शेळ्या ८४ लाखांवरून १०६ लाखांवर गेल्या. गाय पोसणे झेपेनासे झालेला माणूस बकरीकडे वळला आहे. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, बियाण्याची वेळ, या सर्वांसाठी त्याची बँक म्हणजे ती बकरी. तिला चरायला राखीव अशी वीतभर जमीन नाही. वन्यप्राण्याने ती मारली तर भरपाईची तरतूद निदान कागदावर आहे. घाणेरीने मारली तर पंचनामा कोणी करायचा आणि कोणाविरुद्ध?

तणनाशकाचे दुकान आणि हस्तकलेचे कौतुक

या संकटावर दोन सोपे उपाय सुचविले जातात. पहिला, तणनाशक फवारा. म्हणजे शोभेच्या झुडपाने एकदा लुबाडले, आता विषाच्या कंपनीने दुसऱ्यांदा लुबाडावे. फवारणीनंतर उघड्या जमिनीत पाखरांनी टाकलेले बी पुन्हा रुजते, बुंधे पुन्हा फुटतात आणि दुकानाची खेप पुन्हा करावी लागते. शिवाय सामाईक कुरणावर फवारलेले विष त्याच जनावरांच्या पोटात जाण्याचा धोका राहतोच.

दुसरा उपाय हस्तकलेचा. कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरात सोलिग आदिवासी घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या-टेबले बनवितात. निलगिरीच्या परिसरात त्याच काड्यांचे मोठमोठे हत्ती तयार झाले आणि ते परदेशांत प्रदर्शनांत मांडले गेले. त्या कारागिरांच्या कष्टाला मान दिलाच पाहिजे. परंतु खुर्च्यांनी कुरण मोकळे होईल ही आशा भाबडी आहे. ज्या दिवशी घाणेरी ही विक्रीची वस्तू होईल, त्या दिवशी ती टिकविण्यातच व्यापाऱ्याचा फायदा राहील.

खरा उपाय कष्टाचा आहे आणि म्हणूनच तो रोजगाराचा आहे. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी रीत विकसित केली आहे : जमिनीच्या वर बुंधा तोडत बसण्याऐवजी मातीखाली मुख्य मूळ तोडायचे आणि संपूर्ण झुडूप उलटे करून वाळवायचे. नवे फुटवे जेथून येतात तो भागच अशा रीतीने निकामी होतो. फळे धरण्यापूर्वी, पावसाने माती मऊ झाल्यावर हे काम करावे. जाळू नये, कारण जळलेल्या बुंध्यातून घाणेरी पुन्हा जोमाने उठते. उपटलेला हिरवा पाला गुरांच्या वाटेत टाकू नये. मोकळ्या झालेल्या जागेवर त्याच हंगामात मारवेल, पवन्या, डोंगरी अशी येथली गवते पेरावीत, आणि पुढची दोन-तीन वर्षे, विशेषतः पाखरे बसतात त्या झाडांखाली, नवी रोपे उपटीत राहावे. एका वर्षात फोटो काढून संपणारे हे काम नाही.

मागण्या आणि कर्तव्ये

रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने दिली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राबविली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. दुष्काळात रस्त्याची खडी फोडणारे हात कुरण का घडवू शकणार नाहीत? म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक गावच्या ई-क्लास जमिनीची मोजणी करून तिचा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. घाणेरी निर्मूलन आणि गवताची लागवड हे हमीच्या रोजगाराचे, किमान तीन वर्षे सलग चालणारे काम मानावे. ग्रामसभेच्या संमतीवाचून कुरणाची एक गुंठाही जमीन कोणत्याही प्रकल्पास देऊ नये, आणि भूमिहीनांच्या वहितीला हात लावू नये. ज्वारीची खरेदी आधारभावाने निश्चित व्हावी, म्हणजे भाकरीबरोबर कडबाही परत येईल. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील रिकाम्या जागा भराव्यात, तेथे सक्रिय कोळशाचा साठा ठेवावा, आणि विषबाधेने दगावलेल्या जनावराची भरपाई द्यावी. रोपवाटिकांतून घाणेरीची विक्री बंद करावी.

काही कार्यकर्त्यांना वाटेल की झुडपे उपटणे हे समाजसेवेचे काम आहे, लढ्याचे नव्हे. हा भेद वातानुकूलित सभागृहात शोभतो. ज्या बाईची बकरी मेली, तिच्या दारी जमीन सुधारणेवरचे व्याख्यान घेऊन जाणारा कार्यकर्ता तिला परका वाटणार. तिच्या बकरीचे दुखणे ओळखणारा, तिच्याबरोबर दवाखान्यात जाणारा, आणि मग ‘तुझे कुरण कोणी नेले?’ असे विचारणारा कार्यकर्ता तिला आपला वाटेल. त्या प्रश्नातून ग्रामसभा उभी राहील, ग्रामसभेतून मोजणी, आणि मोजणीतून खदानवाल्याचे नाव बाहेर येईल.

वऱ्हाडात अधिकाऱ्याने दाद दिली नाही की मोर्चेकरी त्याला बेशरमाचे झाड भेट देतात. तेही शोभेसाठी आलेले, तेही विषारी, आणि तेही नाल्यानाल्यांतून माजलेले. यंदा पहिल्या पावसानंतर रिसोडच्या तहसील कचेरीवर जो मोर्चा जाईल, त्यात बेशरमाच्या फांदीबरोबर मुळासकट उपटलेल्या घाणेरीची मोळीही असावी, आणि मोळीसोबत ई-क्लासचा नकाशा. मोळी कचेरीच्या आवारात वाळत राहील. नकाशावर मात्र तारखेसह पोच घेतल्याशिवाय कोणी घरी परतू नये.